दारू न पिणाऱ्यांची मीटिंग : पुण्यातील एका कुटुंब-गटाचे परीक्षण

व्यसनमुक्तीच्या सेवांविषयी जे अभिप्राय वाचायला मिळतात, ते बहुतेक पेशंटला ठेवून घेणाऱ्या केंद्रांविषयी असतात. जेवण कसे होते, एका खोलीत किती खाटा होत्या, फी किती घेतली आणि माणूस सुधारून आला की नाही, एवढ्यावर ते संपतात. पेशंटच्या घरच्यांसाठी चालणाऱ्या सेवेविषयी सहसा कोणी लिहीत नाही, कारण तिथे ज्याने जायला हवे त्याला आपण त्या सेवेचे गिऱ्हाईक आहोत हेच मुळात पटत नाही. ‘पितो तो, मग मीटिंगला मी का जायचं?’ हा माझ्या आईचा प्रश्न होता, आणि तो विचारताना तिच्या स्वरात अपमान झाल्याची भावना स्पष्ट होती. हे परीक्षण अशाच एका सेवेचे आहे : पुण्याच्या पेठांच्या भागात आठवड्यातून एकदा संध्याकाळी भरणाऱ्या, व्यसनी माणसांच्या नातेवाइकांच्या मराठी गटाचे. धाकट्या भावाच्या दारूमुळे मी गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून तिथे जाते. गटाचे नाव आणि पत्ता मी देणार नाही. येणाऱ्यांची ओळख बाहेर जाऊ नये ही त्या खोलीची पहिली अट आहे, आणि पुण्यात पेठ आणि वार एवढे सांगितले तरी कोणीतरी ओळखीचे निघतेच.

या गटांची पद्धत अमेरिकेत सुरू झाली. १९३५ मध्ये अ‍ॅक्रन या गावी शेअर बाजारात काम करणारे बिल आणि शल्यचिकित्सक असलेले डॉ. बॉब या दोन पिणाऱ्यांनी एकमेकांशी बोलून दारूपासून दूर राहता येते असा अनुभव घेतला, आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसते ‘एए’ म्हणतात, ती संघटना उभी राहिली. नवऱ्यांच्या मीटिंगा चालू असताना बाहेर थांबलेल्या बायका आपसांत बोलू लागल्या, तेव्हा घरातली दारू थांबली तरी आपला राग, संशय आणि धास्ती थांबलेली नाही हे त्यांच्या ध्यानात आले. १९५१ मध्ये बिल यांच्या पत्नी लॉइस यांनी एका मैत्रिणीच्या साथीने अशा विखुरलेल्या गटांना एकत्र आणून अल-अ‍ॅनॉन सुरू केले. मी ज्या गटाविषयी लिहीत आहे तो याच तत्त्वांवर चालतो.

गरज किती मोठी आहे हे समजण्यासाठी केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतले आकडे पुरेसे आहेत. १० ते ७५ वर्षे वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यांपैकी साधारण ५ कोटी ७० लाख लोकांना मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो, असे ती पाहणी सांगते. या प्रत्येकाच्या मागे घरात तीन-चार माणसे असतात असे गृहीत धरले, तर ती माणसे कोणत्या रांगेत उभी राहतात याचा विचार वाचकांनी करावा.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. खोली म्हणजे एका शाळेचा पहिल्या मजल्यावरचा वर्ग आहे; बाक लहान मुलांचे असल्यामुळे साठीच्या बायकांना गुडघे वाकवून अवघडून बसावे लागते, फळ्यावर बहुधा पाढे किंवा सुविचार तसाच राहिलेला असतो. फी नाही, नावनोंदणी नाही, आधार कार्ड कोणी मागत नाही. शेवटी एक कापडी पिशवी फिरते, तीत ज्याला जमेल त्याने हात घालून काय टाकायचे ते टाकावे आणि न जमणाऱ्याने नुसताच हात घालावा, म्हणजे शेजारच्याला फरक कळत नाही. या पैशांतून खोलीचे भाडे, चहा आणि पुस्तिका भागतात. बाहेरची देणगी घ्यायची नाही असा नियम आहे. मीटिंग चालवणारी व्यक्ती दर वेळी बदलते आणि तीही कोणाची तरी बायको, आई किंवा बहीणच असते. समुपदेशक, डॉक्टर किंवा समाजसेवक म्हणून तिथे कोणी येत नाही.

सुरुवातीला एक प्रार्थना, मग पुस्तिकेतील एका पानाचे वाचन आणि त्यानंतर ‘शेअरिंग’, असा क्रम ठरलेला आहे. शेअरिंगचे नियम दोनच आहेत, पण ते फार काटेकोरपणे पाळले जातात. आपल्याविषयी बोलायचे, म्हणजे ‘तो असा वागतो’ यापेक्षा ‘तेव्हा मी काय करते’ यावर भर द्यायचा. आणि दुसरा बोलत असताना किंवा बोलून झाल्यावर त्याला उत्तर द्यायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘आमच्याकडे तर याहून वाईट’ असे म्हणायचे नाही. सदाशिव पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर तासाभरात एकही माणूस दुसऱ्याला ‘तुमचं चुकलंच’ असे म्हणत नाही, ही गोष्ट मी स्वतः पाहिली नसती तर खरी मानली नसती.

या मौनाचा परिणाम पहिल्या काही मीटिंगांत मला उलटाच झाला. एखादी बाई पाच मिनिटे बोलते, रडते, थांबते, आणि चालवणारी व्यक्ती फक्त ‘धन्यवाद’ म्हणून पुढच्या बाकाकडे पाहते, हे मला कोरडे आणि थोडे क्रूरही वाटले होते. हळूहळू त्यामागचे कारण उमगले. नातेवाइकांपुढे भावाच्या दारूविषयी बोलताना आम्ही घरातले सगळेच ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून हकिकत बदलत असतो : मामापुढे ती सौम्य होते, वहिनीच्या माहेरच्यांपुढे जवळजवळ नाहीशी होते, आणि पैसे परत मागायला आलेल्या माणसापुढे ती आजारपणाची गोष्ट होते. ज्या खोलीत कोणी भुवया उंचावत नाही, सहानुभूतीही दाखवत नाही आणि उपायही सुचवत नाही, तिथे गोष्ट बदलण्याचे कारणच उरत नाही. प्रामाणिकपणा हा त्या लोकांचा गुण आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्यांतल्या अनेक जणी घरी गेल्यावर पुन्हा तेच लपवत असतील. प्रामाणिक बोलणे सोपे व्हावे अशी त्या तासाची रचना आहे, आणि या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटतो.

इतरांनी काय सांगितले ते लिहिता येणार नाही, म्हणून आमच्या घराचेच सांगते. आई फाटकाच्या कडीच्या आवाजावरून रात्र कशी जाणार ते ओळखते; कडी एका दमात निघाली तर ती झोपते, चाचपडत निघाली तर उठून पाण्याचा तांब्या आणि बादली पलंगाजवळ नेऊन ठेवते. वडिलांच्या पश्चात तिला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन महिन्याच्या पहिल्या तारखेला जमा होते आणि त्या आठवड्यात भाऊ विशेष प्रेमाने वागतो. भाऊबीजेला तो मला पाकिटात घालून ओवाळणी देतो, आणि कार्तिक संपायच्या आत त्यातले निम्म्याहून अधिक उसने म्हणून परत जाते. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या चुलत्यांनी आमच्याकडे येणे बंद केले आहे. वहिनी मुलीला घेऊन साताऱ्याला माहेरी राहते. माझी भाची दहा वर्षांची आहे; सुट्टीत आली की दार उघडण्याआधी ती जिन्यावरचा पायरव ऐकत उभी राहते, हे आम्हांला फार उशिरा दिसले. भिशी, लग्नाची आमंत्रणे, गच्चीवरच्या शेजाऱ्यांच्या गप्पा, यांपैकी एकेक गोष्ट आईने स्वतःहून सोडून दिली, आणि तिला कोणी विचारले तर ती गुडघ्यांचे कारण सांगते.

गटात एक वाक्य वारंवार कानावर पडते, त्याचा आशय असा की ही दारू तुमच्यामुळे सुरू झालेली नाही, तुम्ही ती ताब्यात ठेवू शकत नाही आणि तुम्ही ती बरीही करू शकत नाही. ऐकायला ते कागदी वाटते. आमच्या घरात मात्र त्याने बरेच काम केले, कारण आई आपल्या लाडांना दोष देत होती, नातेवाईक वहिनीच्या स्वभावाला, आणि वहिनी चाकणच्या कारखान्यातून भावाला कमी केले त्या वर्षाला. आई बऱ्याच महिन्यांनी माझ्याबरोबर आली, आधी अनेकदा नुसती बसून राहिली आणि मग एके दिवशी बोलली. ती काय बोलली हे त्या खोलीत राहिले. बाहेर जे दिसले ते एवढेच की, ‘त्याला ताप आहे’ असे सांगण्यासाठी सुपरवायझरला सकाळी करायचा फोन तिने बंद केला आणि एटीएम कार्ड स्वतःच्या कपाटात ठेवले. ‘फोन करू नका’ असे तिला तिथे कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या एका आईने स्वतःचा असाच फोन बंद केल्याची हकिकत तिने ऐकली होती. याच गोष्टी मी, माझा नवरा आणि आमचे फॅमिली डॉक्टर तिला कितीतरी वर्षे समजावून सांगत होतो, याची नोंद या परीक्षणात करणे न्यायाचे होईल.

भाऊ अजून पितो. मध्यंतरी तो एका केंद्रात राहून आला, काही महिने चांगले गेले आणि तो पुन्हा घसरला. ‘मीटिंगला जाऊन काय फरक पडला?’ असे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा भावाविषयी ऐकायचे असते, आणि त्या मोजपट्टीने पाहिले तर ही सेवा पूर्ण निरुपयोगी आहे. तसे आश्वासनही ती देत नाही.

उणिवा मात्र आहेत, आणि त्यांतल्या दोन मला गंभीर वाटतात.

पहिली वैद्यकीय माहितीविषयीची. गट औषधोपचारावर मत देत नाही, हे तत्त्व म्हणून योग्य आहे. पण नवीन येणारी बाई पुष्कळदा टोकाला आलेली असते, आणि ‘याला चार दिवस खोलीत कोंडून ठेवते, म्हणजे सुटेल’ असे काहीतरी मनात ठरवून आलेली असते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट्स येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, थरथर आणि ताप अशी अवस्था येऊ शकते, जिच्यात उपचाराविना जीवही जातो. म्हणून दारू तोडण्याचे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत. तीच गोष्ट विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिरातींची. डायसल्फिराम हे औषध शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइडचा, म्हणजे दारूपासून तयार होणाऱ्या विषारी द्रव्याचा, निचरा करणारे एन्झाइम रोखते, त्यामुळे त्यावर दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड, रक्तदाब उतरणे असा त्रास होतो. पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून दिले तर ते उपयोगी ठरते, आमटीत मिसळून दिले तर घातक ठरू शकते. एवढी दोन परिच्छेदांची माहिती छापून दाराशी ठेवली, तर गटाच्या कोणत्याही तत्त्वाला धक्का लागणार नाही. मी ही सूचना केली होती. तिच्यावर विचार करू असे सांगण्यात आले, आणि तो विचार अजून चालू आहे.

दुसरी उणीव मारहाणीविषयीची. ‘प्रेमाने अलिप्त राहा’ ही या गटांतली मूळ शिकवण आहे, आणि ज्या घरात पिणारा माणूस कटकट करतो, पैसे मागतो, रडतो, त्या घरात ती फार उपयोगाची आहे. ज्या घरात तो हात उचलतो, तिथे ती बाईने सहन करत राहण्याचा सल्ला म्हणून ऐकली जाण्याचा धोका आहे, कारण आपल्याकडे बायकांना सोसण्याचे शिक्षण आधीच भरपूर मिळालेले असते. अशा वेळी बोलण्याची पाळी संपल्यावर चहाच्या घोटाबरोबर का होईना, कोणीतरी महिला हेल्पलाइनचा १८१ किंवा आपत्कालीन मदतीचा ११२ हे क्रमांक त्या बाईच्या हातात द्यायला हवेत, आणि २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा पत्नीपुरता नसून आई आणि बहीण यांनाही संरक्षण देतो हे सांगायला हवे. काही जुन्या सदस्य हे आपण होऊन करतात. ते त्यांच्या शहाणपणावर सोडलेले आहे, ही माझी तक्रार आहे.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. वाचनाच्या पुस्तिकांतील मराठी बोजड आहे. ‘आपापल्या समजुतीप्रमाणे परमेश्वर’ असा खुलासा दर वेळी केला जात असला, तरी प्रार्थनेमुळे नास्तिक माणूस अवघडतो. माझा नवरा त्यामुळेच एकदा येऊन परत आला नाही. पुरुष फार कमी येतात, बाप तर जवळजवळ नाहीतच. संध्याकाळची वेळ नोकरदारांना सोयीची आहे, पण पिणारा घरी येण्याची वेळही तीच असल्यामुळे ज्यांना सर्वांत गरज आहे त्या बायका पाऊण तासात घड्याळ पाहू लागतात. गणपतीच्या दिवसांत ढोलपथकांच्या सरावामुळे शेवटच्या बाकावर काहीही ऐकू येत नाही, आणि त्या काळातही मीटिंग एकदा तरी रद्द झाल्याचे मला आठवत नाही.

पुण्यात दुसरे पर्याय कोणते, हे सांगणे परीक्षणाचा भाग आहे. येरवड्याचे मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक मदतीने सुरू केले. तिथल्या पस्तीस दिवसांच्या निवासी उपचाराविषयी पुष्कळांना माहीत असते. कुटुंबीयांचे समुपदेशन आणि पत्नींसाठी चालणारा ‘सहचरी’ हा गट त्या मानाने कमी माहीत आहे. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत, उत्तरे हवी आहेत आणि प्रशिक्षित माणसाशी समोरासमोर बोलायचे आहे, त्यांनी आधी अशा ठिकाणी जावे, कारण कुटुंब-गटात उत्तरे मिळत नाहीत. एएच्या ‘ओपन’ मीटिंगांना नातेवाइकांनाही बसता येते, आणि तिथे दारू सोडलेल्या माणसाच्या तोंडून त्याच्या बायकोने काय सोसले ते ऐकणे हा वेगळाच अनुभव असतो. घराबाहेर पडणेच शक्य नसेल, तर १४४४६ या केंद्र सरकारच्या निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर नातेवाईकही बोलू शकतात.

एका पर्यायापासून मात्र सावध करावेसे वाटते. शहराबाहेरच्या एका खाजगी केंद्राने आम्हांला फोनवरच सांगितले होते की पत्ता द्या, आमची माणसे गाडी घेऊन येतील, त्याला उचलून नेतील आणि तीन महिने भेटायला यायचे नाही. थकलेल्या घराला हे ऐकून हायसे वाटते, आणि त्यांच्या धंद्याचा आधार हाच थकवा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे, आणि संमतीशिवाय दाखल करण्यासाठी त्यात तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, ठरावीक मुदत आणि पेशंटच्या नियुक्त प्रतिनिधीचा अर्ज अशा अटी आहेत. गाडी पाठवणाऱ्याने यांपैकी कशाचाही उल्लेख केला नव्हता. गटात मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा नियमाप्रमाणे कोणी काही बोलले नाही. पण जिना उतरताना तिघींनी मला त्या केंद्राचे नाव विचारले, आणि मी सांगण्याआधीच त्यांतल्या एकीने ते ओळखले.

जायचे असेल तर एका मीटिंगवर मत बनवू नये. निदान सहा मीटिंगांना येऊन मग ठरवा, असे या गटांत सांगितले जाते आणि ते मला योग्य वाटते, कारण पहिल्या दोन वेळा माणूस फक्त कोणी ओळखीचे दिसते का हे पाहत असतो. आई-मुलगी किंवा सासू-सून यांनी शक्यतो वेगवेगळ्या बाकांवर बसावे. पिणाऱ्याला न सांगता जावे की सांगून, याला सर्वांसाठी एक उत्तर नाही. आम्ही सांगितले, भाऊ हसला, आणि पुढे काही आठवडे ‘माझी चहाडी करायला निघालात का?’ असे विचारत राहिला.

या गटात सध्या नसलेली आणि मला सर्वाधिक हवी असलेली गोष्ट म्हणजे मुलांची वेगळी मीटिंग. अल-अ‍ॅनॉनमध्ये किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ नावाची शाखा आहे. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सतरा वर्षांच्या मुलाने ती सुरू केली. भाचीचे वय अजून त्याला थोडे कमी आहे, पण आमच्या गटात येणाऱ्या निदान चार घरांत त्या वयाची मुले आहेत आणि ती मीटिंग चालू असताना खाली शाळेच्या पायऱ्यांवर मोबाइल पाहत बसतात. त्यांच्यासाठी शेजारचा वर्ग मिळू शकतो, असे शिपायाने सांगितले आहे. मुलांच्या मीटिंगला दोन प्रौढ सदस्य जबाबदारीने आणि रीतसर माहिती घेऊन बसायला हवेत, असा गटाचा आग्रह आहे. एक शिक्षिका तयार झाल्या आहेत, दुसऱ्या व्यक्तीचा शोध चालू आहे.